करंजावरचा माशीमार

"...आणि चोच?"

"छातीवाल्याची खालची चोच मुळाशी फिकट असते, भंते. गळ्यावाल्याची सगळीच काळी."

"शेपटीच्या वरची पिसं?"

"छातीवाल्याची काळपट. गळ्यावाल्याची कुळकुळीत, शेपटीपेक्षाही काळी."

"आवाज?"

"दोघंही टर्र करतात. छातीवाला जरा सवडीनं, गळ्यावाला घाईघाईनं."

"आणि लाल रंग?"

"छातीवाल्याचा लाल गळ्यावरून छातीवर उतरतो. गळ्यावाल्याचा गळ्यावरच थांबतो. त्याखाली राखाडी."

"पाखरू केवढं म्हणाला?"

"चिमणीहून लहान."

"बाप्पा!" भंते उपसेन म्हणाले. "एवढ्याशा जिवाच्या मागं केवढा व्याप लावला तुम्ही."

निशांत कापगते हसला नाही. उत्तरं त्याने एका दमात दिली होती, एकही चुकली नव्हती, आणि शाबासकीच्या जागी त्याला हे ऐकायला मिळालं होतं.

छातीवाला आणि गळ्यावाला ही नावं भंतेंची. पुस्तकात एक लाल छातीचा माशीमार आहे आणि दुसरा तैगा माशीमार. दोघेही हिवाळ्यातले पाहुणे, एक पश्चिमेकडून येतो, दुसरा पार सैबेरियातून. दोघेही सावलीतल्या फांदीवर बसून शेपटी उडवतात, हवेतल्या हवेत माशी टिपतात आणि पुन्हा त्याच फांदीवर येऊन बसतात. काही वर्षांपूर्वीपर्यंत पुस्तकं त्यांना एकच जात मानत होती. मग जाणकारांनी मापं घेतली, आवाज ऐकले आणि एकाचे दोन केले.

छातीवाला आपल्याकडे पुष्कळ दिसतो. गळ्यावाला पूर्वेकडचा. या जिल्ह्यात त्याची नोंद नव्हती.

म्हणजे छापलेली नोंद नव्हती.

हिवराटोल्याच्या बोडीकाठी एक लहानसं विहार आहे. बोडी म्हणजे आपलं गावतळं. विहाराच्या पडवीत हे बोलणं चाललं होतं. मार्च महिना, रविवार, सकाळचे दहा वाजलेले. निशांत गळ्यात दुर्बीण अडकवून चटईवर बसला होता. पुढ्यात एक कागद होता.

निशांत प्राणिशास्त्राचा प्राध्यापक. जिल्ह्याच्या पक्षिमित्र मंडळात त्याचा शब्द शेवटचा. जिल्ह्यातल्या पक्ष्यांचं पहिलं पुस्तक त्याने संपादित केलं होतं आणि ते दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, छापायला जायचं होतं. त्यात एकच पान अडलं होतं.

भंते उपसेन सत्तरीचे. भिक्खूचं चीवर घेण्याआधी ते रामटेके वनपाल होते. एकोणीस वर्षांच्या निशांतच्या हातात पहिली दुर्बीण त्यांनीच दिली होती. तो तेव्हाही घाईचा होता, पाखरू उडायच्या आत नाव सांगून मोकळा व्हायचा. बहुतेक वेळा नाव बरोबरही असायचं, ही खरी पंचाईत होती.

"मग काय म्हणतो?" भंतेंनी विचारलं.

"गळ्यावाला मी पाहिला, भंते. गेल्या सोमवारी. फोटो आहे, आवाज ध्वनिमुद्रित केलाय. जिल्ह्यातली पहिली नोंद आहे ही."

"छान झालं."

"पण एक सही पाहिजे." त्याने कागद पुढे सरकवला. "मंडळाचा नियम आहे. नवीन जात लिहायची तर ते पाखरू दोन जणांनी पाहिलेलं हवं. तुम्ही रोज इथेच असता. तुम्ही पाहिलंच असणार."

भंतेंनी कागद उचलला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

"कोणत्या झाडावर?"

"बांधावरच्या करंजावर."

भंतेंनी बांधाकडे मान वळवली. निशांतनेही वळवली. तिथे करंज होता, करंजासमोर अंगणवाडीची बसकी खोली होती, आणि रविवार असल्यामुळे खोलीला कुलूप होतं.

"करंज दिसतो," भंते म्हणाले. "म्हणजे हिरवं काहीतरी आहे एवढं दिसतं. एका डोळ्यातला मोतीबिंदू काढला. दुसऱ्यातला पिकायचा आहे म्हणतात डॉक्टर. आता पाखरं मला फक्त ऐकू येतात."

"मग ऐकलं असेल."

"टर्र ऐकलं. सवडीचं होतं की घाईचं, ते नाही सांगता येणार मला."

"भंते, मी सांगतोय ना."

"तू सांगितलं ते तुझं झालं. दुसरा पाहिजे म्हणतो ना नियम?"

"हो."

"कोणी केला हा नियम?"

निशांतने कागदाची घडी सरळ केली.

"मीच."

भंतेंनी कागद परत दिला. त्यात राग नव्हता, पण सहीही नव्हती. उद्या पुस्तक जाणार, आणि साऱ्या पुस्तकात ज्या एका ओळीसाठी त्याचं नाव लोकांच्या तोंडी राहणार होतं तीच ओळ कापावी लागणार होती.

"इथे सकाळी दुसरं कोण असतं?" त्याने विचारलं.

"अंगणवाडी आहे ना समोर."

निशांतने बांधाकडे पाहणं टाळलं. त्याचे कान तापले.

त्याचं कारण असं.

दोन वर्षांपूर्वी मंडळाच्या सभेत या अंगणवाडीची सेविका दुर्पता मेश्राम एक शाळकरी वही घेऊन आली होती. बाईंना पाखरांचं शास्त्र येत नव्हतं. सकाळी लेकरं गोळा होईपर्यंत त्या दारात खुर्ची टाकून बसायच्या आणि समोर करंज असायचा. करंजावर एक पाखरू होतं. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत त्यांनी त्याची रोज एक ओळ लिहिली होती. आज गळा पांढरा. आज माशा कमी. आज आलं नाही, पाऊस होता. आज गळा पांढरा. असं तीस पानं. मग फाल्गुनात एका दिवशी: आज गळ्यावर कुंकवाचं बोट लावल्यासारखं दिसलं. आणि पुढच्या आठवड्यात: गळा लाल झाला, छाती तशीच राखाडी.

बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, पाखरू एकच आहे. आधी साधं होतं, आता जायच्या वेळी नटलं.

निशांत मंचावर होता. त्याने वही हातात घेतली, चार पानं उलटली.

"ताई," तो म्हणाला, "आधी तुम्ही मादी पाहिली. ती गेली आणि नर आला. दोन पाखरं आहेत ही. तुम्ही बायकोच्याच डोक्याला नवऱ्याचा फेटा बांधलात!"

सभा खदखदून हसली. साठ माणसं होती.

बाईंनी वही पिशवीत घातली. जेवणाला थांबल्या नाहीत, दोनच्या गाडीने गावी गेल्या. नोंद फेटाळली गेली. शेरा असा: साक्षीदार एकच, निरीक्षकास पुरेशी जाण नाही. अक्षर निशांतचं.

एवढंच असतं तर निशांतचे कान तापले नसते. चुका सगळ्यांच्या होतात. पण त्याच आठवड्यात, दुसरं काही शोधताना, त्याने वाचलं होतं की छातीवाल्याचा वयात आलेला नर हिवाळाभर लालच राहतो; गळ्यावाला मात्र इकडे येताना लाल टाकून येतो आणि परत जायच्या आधी पुन्हा लाल होतो. पुस्तकात ते दोन ओळींत होतं. बाईंच्या वहीत तीस पानं होतं.

त्याने पुस्तक मिटलं होतं आणि कोणाला काही बोलला नव्हता.

"त्या करंजाखाली काहून जाऊन बसला होता तू सोमवारी?" भंतेंनी विचारलं. "इकडे झाडं काय कमी आहेत?"

"सहज..."

भंते काही बोलले नाहीत. नुसते बसून राहिले. गुरू लोकांची ही एक वाईट खोड असते.

तेवढ्यात फटफटीचा आवाज आला. शेजारच्या गावच्या विहारातले भंते सोभित कोणाच्या तरी मागे बसून आले होते. तीस वर्षांचे, सडपातळ, हसतमुख. आज दोघांचं भोजनदान इथे होतं.

भंते उपसेन गुडघ्यावर हात देऊन उठले. पडवीच्या पायरीपर्यंत गेले. चाचपडत खाली वाकले, गुडघे टेकले, आणि त्या पोरसवद्या भिक्खूच्या पायांशी तीन वेळा कपाळ जमिनीला लावलं.

"वंदामि, भंते."

"सुखी व्हा, आवुसो," सोभित म्हणाले. धाकट्या भिक्खूला थोरल्याने आवुसो म्हणायचं असतं. "डोळा कसा आहे?"

"पिकून राहिला, भंते."

सोभित हात-पाय धुवायला विहिरीकडे गेले. निशांतला बघवलं नव्हतं. आपल्या गुरूने नातवाच्या वयाच्या माणसापुढे लोटांगण घालावं हे त्याला स्वतःच्या अपमानासारखं लागलं.

"त्यांना पाली कोणी शिकवली, भंते?"

"थोडीबहुत मीच."

"जंगल कोणी दाखवलं?"

"मीच."

"आणि पाया तुम्ही पडायचं?"

"ते आधी आले ना."

"किती आधी?"

"एकाच दिवशी झाली दोघांची उपसंपदा," भंते पुन्हा बसत म्हणाले. उपसंपदा म्हणजे भिक्खू होण्याचा विधी. "विधी झाला की जमिनीवरची सावली मोजून वेळ सांगतात. त्यांच्या आणि माझ्या सावलीत चार बोटांचा फरक."

"चार बोटं!"

"न्हाव्यानं आधी त्यांचं डोकं केलं. माझं मोठं होतं, उशीर लागला."

भंते मनापासून हसले. निशांतला हसू आलं नाही.

"पण भंते, ज्ञान? अनुभव? चाळीस वर्षं जंगल तुडवलंत तुम्ही."

"ते आहेच. ते कोणी काढून घेतलं का?"

"मग तुमच्या मनाला लागत नाही?"

भंतेंनी विचार केला. खरंच केला, दाखवण्यापुरता नाही.

"पहिली दोन वर्षं लागलं," ते म्हणाले. "खूप लागलं. रोज सकाळी लागायचं. मी वनपाल होतो, गाडीतून फिरणारा माणूस... मग गुडघे दुखायला लागले. तेव्हापासून फक्त गुडघेच दुखतात."

बांधावरून एक बाई डोक्यावर टोपली घेऊन येताना दिसल्या. निशांतने चाल ओळखली. भोजनदानाच्या पाळ्या गावाने वाटून घेतलेल्या असतात, आणि आजची पाळी दुर्पता मेश्रामची होती.

"तुम्हाला माहीत होतं," तो हलक्या आवाजात म्हणाला.

"पाळी महिन्याआधी ठरते," भंते म्हणाले. "तू आज येशील हे मले कुठं ठाऊक?"

बाई आल्या. टोपली उतरवली, दोघा भिक्खूंना वंदन केलं. निशांतकडे पाहून त्यांनी पदर सावरला.

"जयभीम सर," त्या म्हणाल्या. आवाज साधा होता, कसलाही काटा नसलेला. निशांतला काटा चालला असता.

"जयभीम ताई."

जेवण झालं. भात, लाखोळीचं वरण, वांग्याची भाजी. वरच्या जागी सोभित बसले, खालच्या जागी उपसेन. सोभितांनी पहिला घास घेतला, मग उपसेनांनी. बाईंनी प्रत्येक गोष्ट हातात दिली, कारण दिल्याशिवाय भिक्खू घेत नाहीत. निशांत खांबाला टेकून बसला होता. वरणाचा वास चांगला होता आणि भूक मुळीच नव्हती. मनातल्या मनात तो वाक्यं जुळवत होता आणि मोडत होता.

शेवटी आशीर्वादाच्या गाथा झाल्या, साधु साधु साधु झालं. सोभित भंतेंना पुढे एका घरी जायचं होतं, ते फटफटीवर बसून गेले.

बाई भांडी गोळा करू लागल्या.

"दुर्पता, बस जरा," भंते म्हणाले. "या सरांना एक साक्षीदार पाहिजे."

बाई भांड्याशेजारीच बसल्या. सभेत साठ माणसांपुढे न अडखळणारा माणूस आता शब्द शोधत होता.

"ताई... या महिन्यात करंजावर तुम्हाला ते... ते लहान पाखरू दिसलं का?"

"नाही सर."

"रोज तर समोरच असता तुम्ही."

"खुर्ची फिरवून घेतली मी."

"म्हणजे?"

"आता पाठ असते तिकडं. लेकरायकडं तोंड असलेलं बरं."

"कधीपासून?"

बाईंनी वाटीतला भाताचा कण बोटाने काढला.

"त्या सभेपासून."

...

बोडीवर कोणीतरी कपडे आपटत होतं.

"आणि ती वही?" निशांतने विचारलं.

"आहे ना. मागची पानं कोरी होती. त्यात लेकरायची वजनं लिहून राहिली मी. वाया काहून घालवायची?"

निशांतने समोरच्या कागदाकडे पाहिलं. पहिली नोंद: निशांत कापगते. साक्षीदार: पुढे रिकामी जागा.

"गेली मग माझी नोंद," तो स्वतःशीच म्हणाला.

"काहून?" भंतेंनी विचारलं.

"साक्षीदार एकच. मी."

"हिची पण तशीच गेली होती ना?"

"हो."

"तिची साक्षीदार ती. तुझा साक्षीदार तू."

"हो, भंते."

भंतेंनी दोन्ही हातांची एकेक तर्जनी वर केली. एक हात दुर्पताबाईंच्या बाजूला, एक निशांतच्या बाजूला. मग सावकाश, वात वळतात तशी, दोन्ही बोटं एकमेकांना चिकटवली.

"आणि पाखरू एकच असेल तर?"

निशांत बोटांकडे पाहत राहिला.

"तर काय?"

"मोज ना. प्राध्यापक आहे तू."

निशांतने मोजलं. पाखरं दोन असतील तर दोघांना एकेक साक्षीदार, आणि दोन्ही नोंदी केराच्या टोपलीत. पाखरू एक असेल तर त्याला साक्षीदार दोन. नियम पुरा होतो, नोंद उभी राहते. फक्त पहिलं नाव बाईंचं येतं.

"एकाच दिवशी पाहायला पाहिजे, असं आहे का तुझ्या नियमात?"

"नाही."

"मग?"

"पण भंते, ते तेच पाखरू कशावरून? पायात ओळखीची कडी नव्हती. शास्त्रात असं चालत नाही."

"आधी मादी आली आणि मग नर आला," भंते म्हणाले, "ते चाललं होतं?"

निशांतने गळ्यातली दुर्बीण काढून चटईवर ठेवली.

त्याला एकदम आठवलं की वहीची तीस पानं त्याने कधी वाचलीच नव्हती. चार उलटली होती. तरीसुद्धा गेल्या फाल्गुनात आणि या फाल्गुनात तो त्याच करंजाखाली येऊन बसला होता, अंगणवाडी उघडायच्या आत, कोणाला दिसू नये अशा बेताने. बाईंच्या वहीवर त्याचा इतका विश्वास होता.

"ताई," तो म्हणाला.

"जी."

"तुमचं बरोबर होतं."

बाईंनी वर पाहिलं.

"हे आज कळलं का सर?"

इथे खोटं बोलायला जागा होती. आज कळलं, असं म्हटलं असतं तर ते खपलं असतं, आणि भंतेंचे डोळे तसेही अधू होते. निशांतने तो शब्द जिभेवर आणलाही.

"नाही," तो म्हणाला. "सभा झाली त्याच आठवड्यात कळलं. ते पाखरू हिवाळ्यात लाल टाकून देतं आणि जायच्या आधी पुन्हा घेतं. तुमच्या वहीत तेच होतं. मला कळलं आणि मी गप्प बसलो."

"दोन वर्षं?"

"दोन वर्षं."

बाईंनी हातातली वाटी खाली ठेवली. चिडल्या असत्या तर त्याला हलकं वाटलं असतं. त्या चिडल्या नाहीत.

"आन् मी दोन वर्षं पाठ करून बसली," त्या म्हणाल्या.

निशांतची मान खाली गेली. त्याला लाज वाटली. अंगावर शहारा यावा तशी ती आली आणि गेली नाही.

...

त्याने खिशातून पेन काढलं. पहिली नोंद, याच्यापुढच्या आपल्या नावावर काट मारली.

"पूर्ण नाव सांगा, ताई."

"राहू द्या सर."

"का?"

"लोकं पुन्हा हसतील."

"हसतील," निशांत म्हणाला. "या खेपेला मला हसतील. मी स्वतः लिहिणार आहे त्याखाली, आधी फेटाळली कोणी ते."

बाईंनी भंतेंकडे पाहिलं. भंते डोळे मिटून बसले होते. झोप लागली होती की नाही, सांगता येत नव्हतं.

"दुर्पता ताराचंद मेश्राम," बाई म्हणाल्या.

निशांतने लिहिलं.

"अंगणवाडी सेविका," त्या म्हणाल्या. "तेही लिहा."

त्याने तेही लिहिलं. ठिकाण, हिवराटोला बोडी. झाड, करंज. तारखेला तो थांबला.

"फाल्गुनातली कोणती तारीख?"

"ते वहीत पाहावं लागंल. घरी आहे. आणते." बाई उठल्या, टोपली उचलली, पायरीपाशी वळल्या. "सर, सगळी पानं पाहसाल की चारच?"

"सगळी पाहीन."

"मंग आणते," असं म्हणून त्या बांधावरून निघाल्या. करंजापाशी त्यांची पावलं जरा रेंगाळली की काय, निशांतला नीट कळलं नाही, कारण दुर्बीण लावायचं त्याच्या मनातही आलं नाही.

तो कागदाकडे वळला. एक नाव लिहून झालं होतं. खाली दुसरी ओळ रिकामी होती, त्याच्या स्वतःच्या वाट्याची. तिथे काय लिहावं ते त्याला सुचेना. पहिली म्हणता येत नव्हतं. पुस्तकात दुसऱ्या नोंदीला जागा देत नाहीत. आणि फोटो तर इतका सुरेख आला होता, गळ्याचं एकेक पीस मोजता येईल असा.

"भंते..."

"हं."

"मी सोमवारी पाहिलं, त्याचं काय लिहू?"

भंतेंनी डोळे उघडले नाहीत.

"लिही ना," ते म्हणाले. "तेच परत आलं."